निजलेलें कार्ड
कामोठ्यास मानसरोवर स्थानकाजवळ आमचें बिऱ्हाड. बाबांनीं हप्त्यांनीं घेतलेल्या लॅपटॉपवर क्रिकेटचा खेळ लावला कीं चेंडू अडखळत येई. धाकट्यानेंच यंत्र बिघडविलें असें समजून आम्हीं त्यास रडविलें. दुकानदार तर नवाच घ्या म्हणाला!

पुढें कळलें कीं, आंत चित्रें रेखणाऱ्या यंत्रणा दोन: एक प्रोसेसरमधली, वीज वाचविणारी, दुसरी स्वतंत्र स्मृतीचें ग्राफिक्स कार्ड. खेळ पहिलीवरच चालला होता. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असें जाऊन त्या खेळापुढें ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलें, चार्जर जोडला (बॅटरीवर कार्ड आपला जोर आवरतें), खेळांतील सावल्यांचा बारकावा उतरविला. चेंडू सरळ येऊं लागला.

पहिलें षटक आम्हीं धाकट्यास दिलें. तो मुकाट्यानें खेळला. आमच्याकडे मात्र त्यानें पाहिलें नाहीं.