पाण्यानं कोरलेली गुहा

आमच्या मुलखात लेणी पुष्कळ. पण ती माणसानं छिन्नीनं कोरलेली. काळा पाषाण पाण्याला सहजी दाद देत नाही. साठी उलटल्यावर आंध्रात अराकूच्या वाटेवरची बोरा गुहा बघितली. ती मात्र पाण्यानं कोरलेली, जवळपास ८० मीटर खोल.

पाऊस डोंगराच्या मातीत मुरतो. तिथं झाडांची मुळं आणि पाला कुजवणारे जीव श्वास सोडतात. तो कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून पाणी जरासं आंबट होतं. हे पाणी फटीफटीतून उतरत चुनखडीचा दगड विरघळवतं. पुढं गुहेच्या छतातून ठिबकताना वायू उडून जातो, चुना मागं राहतो. थेंबाथेंबानं वर झुंबरं लोंबतात, खाली खांब उठतात.

चुन्याचं मला नवल नाही. बोअरच्या जड पाण्यानं माझ्या ठिबकच्या नळ्याही पांढऱ्या होतात, अ‍ॅसिड सोडावं लागतं. नवल वाटलं मातीचं. डोंगर पोखरायचं बळ वरच्या मातीच्या श्वासातून येतं!

शेजारच्या फडात पाचट पेटलं की जीव तुटतो. मी म्हणतो, "आबा, जाळू नका, कुजू द्या. मातीचा जीव त्यातच आहे."