मलकपेठ आणि पाच जिनसांचे पेय

हैदराबादला जाणाऱ्या आपल्या सीमाभागातल्या माणसाला काचीगुडा स्टेशन ठाऊक असतेच. त्याच्या पुढचेच छोटे स्टेशन म्हणजे मलकपेठ. माझ्या आक्काचे घर तिथे आहे. भावजी मूळचे भालकीचे. त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड, तर उंबऱ्याबाहेर हैदराबादी उर्दू. महाराष्ट्रातला कांदा वर्षानुवर्षे इथल्या गंजात उतरत आला आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८८६ साली घोड्यांच्या शर्यती मलकपेठेत आणल्या. ते रेसकोर्स आजही आहे, आणि आता त्या वस्तीवरून मेट्रो धावते.

गेल्या खेपेला भाच्याने विचारले, "मामा, मित्राच्या पार्टीत पंच ठेवणार आहेत. फळांचाच रस असतो ना? त्याने काय होते?"

आक्काने माझ्याकडे पाहिले. भावजी पेपरमागून म्हणाले, "सांगा आता." मी सांगू लागलो, आणि गंमत अशी, की या पंचाची गोष्ट फिरून फिरून आमच्या मलकपेठेच्याच वेशीवर येते.

पंच हे आज जगभर प्यायले जाणारे मिश्र मद्य. पण त्याचा जन्म आपल्याकडचा. हा शब्द इंग्रजी कागदात प्रथम आढळतो तो १६३२ सालच्या एका पत्रात. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाने ते पेटापोली येथील आपल्या सहकाऱ्याला लिहिले होते. पेटापोली म्हणजे आंध्र किनाऱ्यावरचे आजचे निजामपट्टणम. तेव्हा तो मुलूख गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत होता आणि गादीवर अब्दुल्ला कुतुबशहा होता. त्याच्याच पदरच्या मलिक याकूबच्या नावावरून ही पेठ 'मलकपेठ' झाली, असे सांगतात. म्हणजे पेठ आणि पेय, दोन्हींची नावे एकाच राजवटीतली!

नावाचा अर्थ काय? फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य १६७० च्या दशकात कोकण-गोव्यात फिरला. नेरूळ गावी उत्तम अरक गाळतात आणि त्याचे 'पंच' करतात, पाच जिनसांचे म्हणून पंच, असे त्याने लिहून ठेवले. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही. १६३८ साली सुरतेत आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने अशाच पेयात चारच जिन्नस मोजले: मद्य, गुलाबपाणी, लिंबूरस आणि साखर. काहींच्या मते हा शब्द 'पंचन' नावाच्या पिंपावरून आला. पण पंचामृत आणि पंचखाद्य जाणणाऱ्या आपल्याला पाचाचाच हिशेब जवळचा वाटणार.

आता रामनवमीचे पानक आठवा. कन्नड घरात त्यावाचून रामनवमी होत नाही. गूळ, लिंबू, पाणी, सुंठ, वेलदोडा. यात अरक ओतला की पंचच की! इंग्रज खलाशांना ताडा-माडाचा कच्चा अरक घशाखाली उतरेना. लिंबू-साखरेने तो उतरू लागला. पुढे हेच पेय जहाजांतून विलायतेला गेले, मोठ्या वाडग्यातून पळीने वाढले जाऊ लागले, आणि वेस्ट इंडीजमध्ये अरकाच्या जागी रम आली.

त्याचे तिकडचे प्रमाण असे: आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन, पातळ चार. भाच्याला म्हटले, "तू कॉमर्सचा, हिशेब कर." दहा भागांत तीन भाग रम. आपल्याकडच्या रममध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे पेल्यात जवळजवळ १३ टक्के. साध्या बिअरमध्ये पाच धरला, तर हे अडीचपट झाले. आणि जिभेला लागते काय? सरबत! पंच कडक आहे हे जिभेला कळत नाही, पायांना कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला घेऊन मुसारामबागेकडे, आसमानगढच्या टेकडीवर गेलो. तिथे मुसा रेमंडची कबर आहे. रेमंड हा दुसऱ्या निजामाचा फ्रेंच सेनानी. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत तो मराठ्यांच्या विरुद्ध उभा होता. २५ मार्च १७९८ रोजी तो वारला, आणि त्याच ऑक्टोबरात इंग्रजांनी त्याची फौज मोडून टाकली. हिंदूंनी त्याला मुसाराम केले, मुसलमानांनी मुसा रहीम. त्याच्या पुण्यतिथीला निजामाकडून कबरीवर चिरूट आणि बिअरची बाटली पाठवली जाई, अशी आठवण सांगतात. दगडी सुळक्याजवळ वारा छान होता.

उतरताना भाचा म्हणाला, "मामा, ही सगळी साहेबांची पेये. आपल्या लोकांचे काय?"

आपल्या लोकांची शिंदी. शिंदीच्या झाडाला कन्नडमध्ये ईचलु म्हणतात, पेयाला सेंदी. तेलुगूत कल्लु. पहाटेचा ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढता चढता तो आंबतो आणि त्याची शिंदी होते. निखळ शिंदी बिअरइतकीच सौम्य. पण शहराभोवती झाडे राहिली किती, आणि पिणारे किती? मग पाणी वाढवायचे, सॅकरिनने गोडी आणायची आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळायचे. ही झोपेची आणि चिंतेवरची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशी. २००४ साली हैदराबादेतली शिंदीची दुकाने सरकारने बंद केली, २०१४ साली ती पुन्हा उघडली. जुलै २०२५ मध्ये कुकटपल्ली भागात भेसळीची शिंदी पिऊन माणसे दगावली, अनेकांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली.

आक्काकडे धुण्याभांड्याला येणारी बाई बीदर जिल्ह्यातली. नवरा हमाली करायचा. रोज संध्याकाळी शिंदी. एकदा तपासण्या कडक झाल्या आणि दुकान बंद पडले. घरात सगळ्यांना आनंद झाला, आता सुटेल म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, भिंतीवर माणसे दिसू लागली, रात्री फेफरे आले. शेजारी म्हणाले, भूतबाधा. भावजींनी रिक्षा बोलावली आणि सरळ सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले, "हे शिंदीचे नाही, गोळीचे. अचानक तुटली म्हणून जीव गेला असता." सप्टेंबर २०१५ मध्ये अशाच छाप्यांनंतर एर्रागड्ड्याच्या मनोरुग्णालयात शेकडो माणसे आली होती, तीही याच कारणाने. ती बाई म्हणाली, "अक्का, गोळी ह्यांनी कधी बघितलीच नाही."

जुन्या पंचात पाच जिन्नस होते, आणि पिणाऱ्याला ते मोजता येत. इथे पाचवा जिन्नस घालणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणून आपल्या वाचकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. लग्नसमारंभात, पार्टीत गोड रंगीत पेला हाती आला, तर त्यात काय आहे हे विचारायची लाज मुलांना वाटू देऊ नका. आणि घरात कोणी शिंदी पिणारा असेल, तर त्याला कोंडून एकदम सोडवू नका. आधी डॉक्टरांकडे न्या. औषध हळूहळू उतरवावे लागते.

तो हमाल बरा झाला. आता गंजात कांद्याची पोती उचलतो. भाचा पार्टीला गेला. रात्री साडेदहाला परतला तेव्हा आक्काने विचारले, "काय प्यायलास?"

"विचारले मी," तो म्हणाला. "वाढणाऱ्यालाच माहीत नव्हते. मग पाणी प्यायलो."