एवढी तरी राहू द्या

"दारू सोडली सर, आता एवढी तरी राहू द्या." उपचार घेऊन परतलेल्यांच्या शिरवळमधल्या बैठकीत हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय. एमआयडीसीतली रात्रपाळी करून आलेला असो की खंबाटकी उतरून ट्रक लावलेला, तळहातावर चुना-तंबाखू मळतच बोलतो.

आकडे सांगून पाहिले. मेयो क्लिनिकचा १९९६चा अभ्यास आहे: व्यसनांवर उपचार घेतलेल्या ८४५ जणांपैकी पुढे २२२ वारले, त्यांतले सुमारे निम्मे तंबाखूच्या आजारांनी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बिल विल्सनचं उदाहरण दिलं: १९३४ नंतर दारूचा थेंब नाही, १९७१ साली गेले ते सिगारेटने पोखरलेल्या फुप्फुसांपायी. माणूस "खरंय" म्हणतो आणि चिमूट ओठात ठेवतो.

गांजावाल्याचं तर आणखी अवघड. तो विडी रिकामी करून त्यात गांजा भरायचा. गांजा सुटला तरी विडी तीच, हात तोच, आडोसाही तोच. मग निकोटिनचा गम देतो. तो गुटख्यासारखा चघळला की उचक्या लागतात. थोडा चावून गालात दाबून ठेवायचा असतो. वर चहा प्यायला तर गम नीट लागू पडत नाही. शिवाय विडीच्या धुराने शरीर चहातलं कॅफिन झपाट्याने निपटत असतं. धूर थांबला की तेवढाच चहा जास्त चढतो, झोप उडते आणि खापर विडी सोडण्यावर फुटतं. साताऱ्याकडच्या माणसाला विडी सोड म्हणता येतं, चहा अर्धा कर म्हणायला छाती लागते.

'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' म्हणत पुड्या विकणाऱ्यांपेक्षा मला राग येतो व्यसनमुक्ती केंद्रांतल्या आमच्याच भाईबंदांचा. शिस्तीत वागलास तर दोन विड्या जास्त, असा हिशेब ठेवल्यावर विडी सोडणं ही शिक्षाच वाटणार.

पण मीही काही कमी नाही. "सर, तुमच्यामुळे सुटली" हे ऐकायला मला फार आवडतं. दारू सोडल्याच्या वाढदिवसाला हार घालायला मी पुढे असतो, आणि त्या दिवशी तंबाखूचा विषय काढून माणसाला रुसवणं जिवावर येतं.

गेल्या वर्षी हाताखाली एक नवी समुपदेशक आली. 'एवढी तरी राहू द्या' या वाक्यावर ती उत्तरच देत नाही. विचारते, "एवढी म्हणजे किती, दादा? सकाळी उठल्यावर पहिली कधी?" अर्ध्या तासाच्या आत असेल तर तलफ घट्ट, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. पण तिच्यापुढे माणूस बोटं मोजू लागतो. तो प्रश्न मी उचललाय, आणि बैठकीत असा विचारतो की जणू माझाच आहे.