यादीत काय राहिलं?

दिवाळीच्या सुट्टीत लक्षद्वीपला जायचं ठरलं आणि मी वही घेऊन बसलो. कडमत बेटाजवळच्या उथळ, शांत पाण्यात कयाक वल्हवायची, गळ टाकून मासे पकडायचे! यादी तयार: गळ, दोरी, आमिष, टोपी, पाण्याची बाटली. परवाना आणि कोचीहून सुटणारं जहाज बाबा बघणार होते.

माझे मालवणचे आजोबा जन्मभर समुद्रावर गेलेले. ऐटीत त्यांना यादी दाखवली. ते एवढंच म्हणाले, "वारो खंयचो? भरती कधी?"

मी गप्प!

मग त्यांनी समजावलं. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असला की होडी नकळत लांब जाते. जाताना मजा वाटते, परतताना हात भरून येतात. भरतीही रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. कालची वेळ आज चालत नाही. त्यांच्या एका मित्राची होडी अशीच गेली, ती परत आलीच नाही.

मी नवं पान उघडलं. आधी लाइफ जॅकेट. मग, किनाऱ्यावर कुणाला तरी परतायची वेळ सांगणं. मग, तिथल्या कोळ्यांना वारा विचारणं. गळ गेला शेवटी!

मासा नाही मिळाला तरी चालेल. तुमच्या यादीत पहिलं काय असेल?