शेजाऱ्याची रेघ

धाकटा भाऊ एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. त्या रात्री तो जेवला नाही. आम्ही कारण विचारले, तेव्हा लॅपटॉप उघडून बसला.

कन्व्हेयरच्या स्टँडचे असेंब्ली ड्रॉइंग होते. स्टँड कारखान्याने बनवायचा. मोटर आणि गिअरबॉक्स गिऱ्हाइकाचे. ते फक्त संदर्भासाठी दाखवायचे होते. अशा भागांची बाह्यरेषा पातळ काढतात : एक लांब रेघ, दोन आखूड तुकडे, पुन्हा लांब रेघ. तिला फँटम लाइन म्हणतात. भाऊ त्या नावालाच फसला. इन्व्हेंटरमध्ये त्याने मोटर-गिअरबॉक्सच्या जोडणीला 'फँटम' हाच पर्याय दिला. या पर्यायाने जोडणीचे नाव भागांच्या यादीतून जाते, पण तिच्या पोटातले भाग वर येऊन यादीत बसतात. मोटर एक, गिअरबॉक्स एक! रेघही ठसठशीतच राहिली. खरेदी विभागाने मागणी नोंदवली. साहेबांनी लेखी खुलासा मागितला होता.

"आता हे भाग ड्रॉइंगमधून काढूनच टाकतो, भाईजान," तो म्हणाला.

अब्बांचे आयुष्य फिटरकीत गेले. खाटेवरून ते म्हणाले, "काढू नकोस. मोटर कोणत्या बाजूला येते, पाना कुठून फिरवायचा, हे फिटरला कसं कळणार? ती रेघ म्हणजे शेजारी. त्याची भिंत आपण बांधायची नाही, पण ती कुठे आहे हे पाहूनच आपली उभी करायची."

योग्य पर्याय 'रेफरन्स' हा होता. तो दिला की भाग नगांत, वजनात धरला जात नाही; ड्रॉइंगमध्ये मात्र फँटम रेषेत दिसत राहतो. सॉलिडवर्क्समध्ये यादी-वजनातून वगळण्याचे काम 'एन्व्हलप' करतो, असे भावाने सांगितले. त्याने पर्याय बदलला. यादीतल्या दोन ओळी गेल्या. मोटर जागच्या जागी राहिली, पातळ रेघेत.

शेजाऱ्याचे हक्क आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. आजवर ते सालन पाठवण्यापुरते, आजारपणात विचारपूस करण्यापुरतेच सांगत आलो. यादीत ज्याचे नाव नाही, त्याला नकाशावरूनच पुसून टाकण्याचा मोह किती सहज होतो, हे त्या रात्री आमच्याच घरात दिसले.

मग आम्ही दोघे खुलासा लिहायला बसलो. चूक त्याची होती, तसेच लिहिले. सही केली आणि तो जेवला.