पंचवीस ओहम

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे गेला की हवा इतकी कोरडी होते, की टेरिलीनचा शर्ट काढताना अंगावर चटचट वाजतं. अशा दिवसांत कॉम्प्युटरचं झाकण उघडणाऱ्याने आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, मग कार्डाला. बोटातून निघालेली, आपल्याला जाणवतही नाही एवढी ठिणगी चिप मारायला पुरते. सुती कपड्यात हा धोका बराच कमी. सेवाग्रामच्या शेजारी राहून खादीचा हा गुण मला कळला तो नेटवर्क कार्डांमुळे.

नव्वदच्या दशकात आमच्या हाती यायची ती एनई-२००० जातीची कार्डं. मूळ कार्ड नॉव्हेलचं. आमची त्याच्या नकला, नागपूरहून आणलेल्या. कार्डावर बारीक पिनांच्या रांगा आणि त्यांवर जम्परच्या इवल्या काळ्या टोप्या. टोपी कुठे बसवली त्यावर कार्डाचा आयआरक्यू आणि पोर्टचा पत्ता ठरायचा. पुष्कळ कार्डं आयआरक्यू ३ वर लावलेलीच येत, आणि तोच आकडा कॉम-२ या सीरियल पोर्टचा. जंक्शनच्या गावातल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही: एकाच फलाटावर दोन गाड्या घेतल्यासारखं ते. ड्रायव्हर मुकाट्याने चढायचा, सगळं आलबेल दिसायचं आणि कुणी मोडेम सुरू केला की मशीन जागीच थिजायचं. मग जम्पर ५ वर न्यायचा. तिथे साउंड कार्ड ठाण मांडून असेल तर १० वर. तोच आकडा ड्रायव्हरच्या फाईलमध्ये लिहायचा. हे राहिलं की सगळी मेहनत पाण्यात.

पण माझा जीव रमायचा तो केबलमध्ये. पातळ, काळी कोॲक्स केबल एका मशीनकडून दुसऱ्याकडे जायची. प्रत्येक कार्डाच्या पाठीला टी-कनेक्टर, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. एका सलग केबलची लांबी १८५ मीटरपर्यंत, त्यावर मशीनं फार तर ३०. टोकाला पोचलेला सिग्नल टर्मिनेटर शोषून घेतो. तो नसला की सिग्नल उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्याची नासाडी करतो. झाडू लागून शेवटचा टर्मिनेटर निसटला की अख्खी लॅब ठप्प. हाक यायची सर्व्हरजवळून, दोष असायचा पार भिंतीशी. तक्रार करणारं मशीन आणि बिघाडाची जागा क्वचितच एक असायची, म्हणून समोरच्या मशीनवर राग काढण्यात अर्थच नसे.

सगळी मशीनं बंद करून, एक टी कार्डापासून सोडवून मल्टिमीटर लावायचा. मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यात २५ ओहम आले की जीव भांड्यात पडे: दोन्ही टोकं शाबूत. ५० आले तर एक बाजू तुटलेली. शून्याच्या आसपास आलं तर जाळीचा एखादा केसाएवढा तंतू पिनेला चिकटलेला. मग केबल मधोमध सोडायची, तिथे जवळचा टर्मिनेटर लावायचा आणि सर्व्हरकडचा अर्धा भाग चालतो का पाहायचं. चालला तर खोट पलीकडे. पुन्हा अर्धं, पुन्हा अर्धं. पुढे हब आले, प्रत्येक मशीनला स्वतःची तार आणि स्वतःचा दिवा मिळाला. चांगलंच झालं. पण अर्ध्याने शोधत जाण्यातला तो आनंद मला दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीत मिळालेला नाही.

एका लॅबमध्ये मीटर बरोब्बर २५ दाखवत होता, तरी फाईल कॉपी करताना मशीनं अडखळत होती. सोबतचा मुलगा म्हणाला, "सर, मीटर तं बरोबर सांगून राह्यला, मंग हे काऊन अटकून राह्यलं?" मी त्याला केबलवरची बारीक छापील अक्षरं वाचायला सांगितली. आमची केबल आरजी-५८, ५० ओहमची. दोन मशीनांमधल्या एका तुकड्यावर मात्र आरजी-५९ छापलेलं: टीव्हीची केबल, ७५ ओहमची. मीटर बॅटरीवर मोजतो, त्याला हा फरक दिसत नाही. धावत्या सिग्नलला तो दिसतो, आणि त्याचा काही भाग त्या सांध्यावरून मागे फिरतो. ऐकल्याबरोबर पोरगा टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरला आणि रांगत रांगत उरलेली केबल वाचू लागला. खिडकीजवळ त्याला तसलाच आणखी एक तुकडा सापडला.