ग्रँटचेस्टरची नदीकांठची वाट

केंब्रिज हें नांव आपल्या घरांतून नवीन नाहीं. दापोलीजवळच्या मुर्डी गांवीं जन्मलेले रघुनाथराव परांजपे १८९९ सालीं तेथें सीनियर रँग्लर झाले, आणि 'रँग्लर' ही उपाधि त्यांच्या नांवामागें कायमची लागली. जयंत नारळीकरांनीं 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रांत जीं नगरें वर्णिलीं, त्यांतीलही हें एक. परंतु या विद्यानगरीपासून अवघ्या दोन-अडीच मैलांवर असलेल्या ग्रँटचेस्टर नांवाच्या खेड्याची, व तेथें जाणाऱ्या नदीकांठच्या वाटेची ओळख आपल्याकडे फारशी कोणास असेल असें वाटत नाहीं. चिरंजीव नोकरीनिमित्त केंब्रिजास असल्यामुळें गेल्या वर्षीं सबंध जून महिना तेथें घालविण्याचा योग मला आला, आणि त्या महिन्यांत ती वाट मीं जवळजवळ रोज तुडविली.

जूनमध्यें तेथें पहांटे पावणेपांचच्या सुमारास सूर्य उगवतो, तो रात्रीं सव्वानऊ वाजून गेल्यावर मावळतो. सायंसंध्या नेमकी केव्हां करावी, हा पहिल्या दिवशीं मला प्रश्नच पडला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेपांचास जाग आली, तों चिरंजीव दाराशीं बसून बुटांच्या नाड्या आवळीत होता. "कोठें निघालास?" म्हणून विचारलें, तर जरा संकोचून म्हणाला, "नाना, मी धांवावयास जातों." त्याच्या संकोचाचें कारण मला ठाऊक होतें, तें पुढें सांगेन.

तिसऱ्या दिवसापासून मीही त्याच्याबरोबर निघूं लागलों. तो पुढें धांवे, मी मागून चालें, आणि परततांना तो मला वाटेंत गांठी. न्यूनम नांवाच्या भागांतील घरांची रांग संपली कीं कुरणें लागतात. तोंडाशीं एक गमतीचें फाटक आहे. त्याची झडप एका लहानशा कुंपणाच्या कोंडींत मागेंपुढें फिरते. माणूस अंग वळवून पार होतो, गुराला मात्र तें साधत नाहीं. त्यामुळें कडी लावण्याची आठवण कोणास ठेवावी लागत नाहीं. आंत दोन वाटा आहेत. वरची बांधलेली, सरळ व कोरडी. खालची पाण्याच्या कडेनें वळणें घेत जाणारी, मातीची. धांवणारांपैकीं ज्यांस वेळेचा हिशेब असतो ते वरची धरतात. ज्यांस नदी पाहावयाची असते ते खालची. पावसाळी दिवसांत खालची वाट चिखलाची होते, आणि हिंवाळ्यांत नदी फुगली म्हणजे कुरणांवर पाणी पसरतें, एवढें नवख्यानें ध्यानांत ठेवावें.

नदी म्हटली तरी आपल्या कृष्णा-गोदेच्या मानानें ती ओढाच म्हणावयाची. शहरांत तिला कॅम म्हणतात. वरच्या अंगास ग्रँटा हें जुनें नांव अद्याप चालतें. पाणी संथ, कांठावर वाळुंजासारखीं झाडें. त्यांचे शेंडे माणसाच्या डोक्याहून उंच ठेवून छाटण्याची तेथें जुनी रीत आहे. कोंवळे फुटवे गुरांच्या तोंडीं लागूं नयेत हा हेतु. लांब बांबू तळाशीं टेकून चपट्या नावा ढकलीत तरुण मंडळी खेड्याकडे येत असतात. राजहंसांची जोडी तर रोजची. गाई वाटेवरच बसलेल्या असतात, आणि धांवणारे त्यांना वळसा घालून जातात. कोणी त्यांस उठवीत नाहीं, हें पाहून मला बरें वाटलें.

या धांवणारांत सर्व वयांचीं माणसें होतीं. सत्तरीचे गृहस्थ, बाळाची गाडी ढकलीत धांवणारी आई, गप्पा मारीत धांवणाऱ्या चार प्रौढ बायका. समोरून येणारा प्रत्येक जण "गुड मॉर्निंग" म्हणून जाई.

शेतांतून व कुरणांतून अशी बिनधोक ये-जा कशी होते, हें मीं चौकशी करून जाणून घेतलें. १९४९ सालच्या एका कायद्यानें तेथील प्रत्येक कौंटीस आपल्या हद्दींतील सार्वजनिक पाउलवाटा नकाशांत नोंदविणें भाग पडलें. नोंदलेली वाट खाजगी जमिनींतून गेली तरी मालकास ती आपल्या मर्जीनें बंद करतां येत नाहीं. शेत नांगरतांना मोडली तर ठराविक मुदतींत पुन्हा करून द्यावी लागते. जाणारानेंही फाटक जसें असेल तसें ठेवावें, गुरांजवळ कुत्रा बांधून न्यावा, अशी शिस्त आहे.

कुरणें संपलीं कीं चढावर ग्रँटचेस्टर गांव. जुनें दगडी देऊळ, गवताच्या छपरांचीं कांहीं घरें, आणि १८६८ सालीं लावलेली एक फळबाग, जिच्या झाडांखालीं बसून चहा पिण्याची प्रथा १८९७ सालीं विद्यार्थ्यांनीं पाडली. रूपर्ट ब्रुक हा तरुण कवि येथें राहात असे. १९१२ सालीं बर्लिनमध्यें बसून त्यानें या गांवावर कविता लिहिली, आणि १९१५ सालीं महायुद्धावर जातां जातां रक्तदोषानें तो वारला. देवळाच्या आवारांतील स्मारकावर गांवच्या इतर मृतांबरोबर त्याचें नांव आहे.

ज्यांस अधिक धांवावयाचें असेल त्यांनीं गांवाबाहेरच्या पुलावरून ट्रंपिंग्टनच्या बाजूस उतरावें. तेथें झाडींत बायरन कवीच्या नांवाचा डोह आहे. विद्यार्थिदशेंत तो तेथें पोहत असे असें सांगतात. पुढें ट्रंपिंग्टनवरून शहरांत परतलें कीं सुमारें सहा मैलांचा फेरा पुरा होतो. चढ म्हणण्यासारखा कोठेंही नाहीं.

एके दिवशीं परततांना खालच्या वाटेवर चिरंजीव थांबला आणि गवताकडे बोट दाखवून म्हणाला, "नाना, संगणक येथें जन्मला." तो त्याच क्षेत्रांत काम करतो, म्हणून प्रथम थट्टाच वाटली. पण हकीकत खरी आहे. १९३५ सालीं ॲलन ट्युरिंग हा बावीस वर्षांचा गणिती किंग्ज कॉलेजांत फेलो झाला. त्यास लांब धांवण्याची संवय. नदीच्या खालच्या अंगास पंधरा मैलांहून दूर असलेल्या एलीपर्यंतही तो धांवत जाई. गणितांतील कोणतेंही विधान सिद्ध करतां येईल कीं नाहीं, हें ठरविणारी एखादी यांत्रिक रीत असूं शकेल काय, हा प्रश्न तेव्हां त्याच्या मनांत घोळत होता. त्या उन्हाळ्याच्या आरंभीं धांवून आल्यावर तो ग्रँटचेस्टरच्या कुरणांत पहुडला असतां उत्तराची दिशा त्यास सांपडली. एक एक साधी पायरी करीत जाणारें यंत्र कल्पून, अशी रीत असूं शकत नाहीं, असें त्यानें १९३६ सालच्या निबंधांत दाखविलें. आणि त्या काल्पनिक यंत्रांत आजच्या संगणकाचें बीज आहे. पुढें १९४७ सालीं त्यानें मॅरेथॉनची शर्यत दोन तास शेहेचाळीस मिनिटांत पुरी केली.

ही हकीकत ऐकून मी गप्प झालों. वीस वर्षांपूर्वीं दहावींत असतां याच मुलाची जिल्ह्याच्या धांवण्याच्या स्पर्धेस निवड झाली होती. मीं त्याचे बूट माळ्यावर टाकून दिले व म्हटलें, "पायांनीं कोणी विद्वान होत नाहीं." त्यानें मुकाट्यानें ऐकलें. ऐतरेय ब्राह्मणांतील रोहिताची कथा मीं विद्यार्थ्यांना कितीदां सांगितली असेल! बापाच्या भयानें रानांत गेलेला तो मुलगा घरीं परतूं लागला कीं इंद्र त्यास पुन्हा पुन्हा चालत राहावयास सांगतो. इतकें शिकवूनही स्वतःच्या घरांत त्याचा अर्थ मला उमगला नाहीं.

"अरे," मी म्हणालों, "त्या स्पर्धेस तुला पाठवावयास हवें होतें."

तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "तेव्हां फार राग आला होता, नाना." पुढें फाटक आलें. तें पार झाल्यावर म्हणाला, "चला, चहा निवत असेल." त्या दिवशीं तो धांवला नाहीं; माझ्याबरोबर चालत घरीं आला.

आमच्या घरीं पुतण्याची मुलगी यंदा दहावींत. तिला शाळेच्या धांवण्याच्या चमूंत घेतलें, तेव्हां पुतण्यानें वडीलधारा म्हणून माझें मत विचारलें होतें, आणि निघण्यापूर्वीं मीं सांगितलें होतें, "आधीं परीक्षा होऊं दे." त्या संध्याकाळीं मीं केंब्रिजाहून फोन करून तो शब्द मागें घेतला. तेव्हांपासून ती पहांटे टेकडीवर धांवावयास जाते. तिचा निकाल अजून लागावयाचा आहे. तो कसाही लागला तरी तिचे बूट दाराशींच राहतील.